हलक्या हाताचा गालिचा

हाताने विणलेल्या गालिच्याच्या प्रत्येक गाठीत विणणारीचा आत्मा उतरतो, असं व्यापाऱ्याच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. धाकटीच्या अनुभवानुसार गाठीत लोकर असे आणि विणणारीच्या पाठीत कळ.

एकाच मागावर दोघी जावा शेजारी बसत, डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. गाठींची एक ओळ झाली की आडवा धागा घालायचा आणि लोखंडी पंजाने ठोकून बसवायचा. अकरा वर्षं हेच. पण या गालिच्यात थोरलीचं मनगट गेलं. ठोका हलका पडू लागला, ओळी फुगू लागल्या आणि डावी बाजू बोटभर वर चढली.

व्यापाऱ्याचा नियम साधा होता: हात गेला की माग गेला. थोरली आता घरी बसणार, हे धाकटीला दिसत होतं. मागावर थोरली गाठी मोजत असे, म्हणून तोंड मिटून असे. घरी तिला मोजायला फक्त धाकटीच्या चुका उरल्या असत्या.

तेव्हा धाकटीनेही हात हलका केला. दोन्ही बाजू पुन्हा सारख्या चालल्या.

"काय गं, जेवली नाहीस का?" थोरली म्हणाली. "पंजा मारतेस की माशा हाकलतेस?"

"दमलेय, जाऊबाई."

"आमच्या वेळी दमायची सोय नव्हती हो."

धाकटीने ते गिळलं. आठ महिने गिळत राहिली. हलकं ठोकणं जास्त दमवतं. सवयीचा हात जोरात पडायला बघतो, त्याला दर वेळी आवरावं लागतं. आराखड्यातल्या ओळी तेवढ्याच, पण प्रत्येक ओळ जाड. शेवटी काठावरची गोल फुलं काकडीसारखी लांबली आणि नऊ फुटांचा गालिचा साडेनऊ फुटांवर गेला.

व्यापारी आला. गालिचा जमिनीवर पसरला. शेजारी थोरली मनगट पाठीमागे लपवून उभी होती.

"तू तोंड उघडू नकोस," ती पुटपुटली. "हात माझा गेलाय, बोलणी मी खाईन."

म्हणजे बाईला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, आणि तरी माशा!

व्यापाऱ्याने रुंदी मोजली. बरोबर सहा फूट. मग लांबीला टेप लावला, जरा ओढून पाहिला, गुंडाळून खिशात टाकला आणि वहीत नऊ लिहिलं.

त्याचा टेप सहा फुटांचाच होता.