थायरॉइडच्या गोळ्या

तव्यावरची भाकरी तशीच सोडून सुकन्यानं ज्ञानेश्वरीताईंना पुन्हा फोन लावला. सकाळपासून त्या उचलत नव्हत्या. मोबाईलवरच्या रोग्यांच्या गटावर कुणीही काही विचारलं की पहिलं उत्तर ताईंचं यायचं. आज पारनेरच्या एका बाईनं ताप आलाय म्हणून लिहिलं होतं आणि दुपार झाली तरी त्याखाली कुणाचा शब्द नव्हता.

या वेळी फोन उचलला गेला, पण आवाज पुरुषाचा होता.

"कोन बोलतंय?"

"मी काष्टीहून सुकन्या. ताई हायेत का?"

"तिला बरं न्हाई. सकाळपासनं उलट्या चालल्यात. आज पोरीची सुपारी फोडायची, पाव्हणे येऊन बसलेत, अन् हिचं हे असं. डाक्टर आलेत, सलाईन लावलंय. तुमी मागनं करा."

हे ताईंचे यजमान, गहिनीनाथ. सुकन्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"त्या बोलत्यात का दादा?"

"न्हाई वो. डोळंच उघडंना. दगदग झाली असंल."

भाकरी जळाल्याचा वास सुटला. दाराबाहेरच्या ओट्यावरून सासूचा, बनुबाईंचा आवाज आला, "ध्यान कुठंय तुझं?" सुकन्यानं हात लांब करून गॅस बंद केला. फोन कानालाच होता. तिला काय सांगायचं ते ठाऊक होतं, आणि ते कुणालाही सांगायचं नाही अशी शपथही तिनंच घेतलेली होती.

तिचा स्वतःचा आजार लग्नानंतर काही वर्षांनी सुरू झाला. आधी तळहातावरच्या रेषा काळ्या पडल्या, मग हिरड्या, मग कोपरं. उन्हात राबणाऱ्या बायका रापतातच, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढं तिला उठवेना. बसल्या जागी डोळ्यांपुढं अंधारी यायची. जेवण नकोसं व्हायचं आणि मीठ मात्र ती चिमटीनं तोंडात टाकायची. अंगावरचे ब्लाउज सैल झाले. गावात बायका कुजबुजायला लागल्या. तिला कसलातरी वाईट रोग आहे असं म्हणत एकीनं हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. बनुबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, "बघायला गेलो तवा पोरगी गोरी दावली हुती."

शेवटी नगरच्या मोठ्या दवाखान्यात आजाराचं नाव कळलं. मूत्रपिंडांवर असलेल्या दोन लहान ग्रंथी काम करेनाशा झाल्या होत्या. जगायला लागणारं एक हार्मोन तिच्या शरीरात तयारच होत नव्हतं. ते रोज गोळीतून घ्यायचं, जन्मभर. नवऱ्यानं, गोरक्षनं, एकच प्रश्न विचारला होता, "मूलबाळ?" डॉक्टर म्हणाले, "होऊ शकतं. पण आधी तब्येत सावरू दे, मग बघू." गोरक्षनं यातलं "मग बघू" तेवढं घरी नेलं.

सुकन्याला वाटलं होतं, नाव कळलं की घरातली बोलणी थांबतील. झालं उलटंच. आधी ती आळशी होती, आता ती रोगट झाली.

त्याच दिवशी औषधाच्या दुकानात ती गोळी संपलेली होती. दुकानदार म्हणाला, पुण्याहून मागवावी लागेल. गोरक्ष बाहेर गाडी काढायला गेला होता. ती काउंटरला धरून उभी राहिली. तेव्हा मागं उभ्या असलेल्या बाईनं आपल्या पर्समधून त्याच गोळ्यांचं पाकीट काढलं, त्याचा अर्धा तुकडा कातरीनं कापून घेतला आणि तिच्या हातात दिला.

"पयल्यांदाच का? भिऊ नको. या गोळ्यांवर मी पोरगी वाढवली."

त्या ज्ञानेश्वरीताई. राहुरीजवळच्या वस्तीवर राहायच्या, ब्लाउज शिवायच्या. अशाच हार्मोनच्या रोग्यांचा त्यांनी मोबाईलवर एक गट बांधला होता. कुणी पारनेरचं, कुणी श्रीगोंद्याचं, कुणी नगरमधलं. आजारांची नावं वेगवेगळी होती, गोळ्या बहुतेकांच्या त्याच. ताप आला तर गोळी वाढवायची, उलटी होऊन गोळी पोटात टिकली नाही तर वाट न बघता इंजेक्शन घ्यायचं, हे सुकन्या ताईंकडूनच शिकली. काळे पडलेले हात ती सतत पदराखाली घ्यायची. ताईंनी एकदा ते हात ओढून आपल्या मांडीवर ठेवले आणि बोलता बोलता तसेच राहू दिले. लग्नानंतर आईशिवाय असं कुणी केलं नव्हतं.

"घरातल्या एका तरी माणसाला सगळं सांगून ठेवा," असं ताई सगळ्यांना बजावायच्या. "आपण बेशुद्ध पडल्यावर आपल्या वतीनं कोन बोलनार?"

एकदा नगरच्या स्टँडवर राहुरीच्या गाडीची वाट बघत दोघी बसल्या होत्या. सुकन्यानं सहज विचारलं, "तुमच्या घरी कोनाला सांगितलंय ताई?"

ताई बराच वेळ गाड्यांच्या पाट्या वाचत राहिल्या.

"कोनालाच न्हाई. घरी वाटतं, थायरॉइडच्या गोळ्या हायेत."

"का पन?"

"संस्कृतीच्या येळेला माझं लई रक्त गेलं. डोक्यात एक वाटाण्याएवढी ग्रंथी असती, ती त्या दिवशीच वाळली. दूध आलं न्हाई, पाळी परत आली न्हाई. दोन-चार वर्सांनी पुण्याच्या डाक्टरनं उलगडून सांगितलं. घरी येताना ठरवलं, पोरीला हे कळू द्यायचं न्हाई. कळलं तर दर वाढदिवसाला ती माझ्या तोंडाकडं बघत बसंल. अन् यजमानांना सांगितलं की पोरीला कळलंच समज. त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई." मग त्यांनी सुकन्याचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शप्पथ घे."

तिनं घेतली होती.

"ठेवू का फोन?" गहिनीनाथ विचारत होते.

"ठेवू नका!" सुकन्या ओरडली. ओट्यावर बनुबाई दचकून वळल्या. "दादा, ऐका. ताईंना थायरॉइड न्हाई. त्यांच्या अंगात जगायला लागनारं हार्मोन तयार होत न्हाई. त्या रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेत्यात, लई वर्सं झाली. उलटीवाटे गोळ्या पडून गेल्यात. नुसत्या सलाईननं भागायचं न्हाई. डाक्टरला फोन द्या."

"तुमी काय बोलताय? वीस वर्सं मी तिच्यासंगं—"

"डाक्टरला द्या दादा. ताई जातील."

फोनवर खरखर झाली. मग एक तरुण आवाज आला. त्यानं दोनच प्रश्न विचारले, गोळीचं नाव आणि ती कधीपासून चालू आहे. सुकन्यानं सांगितलं. "हे आधी का नाही सांगितलं कुणी?" तो कुणालातरी म्हणाला आणि लगेच, "इंजेक्शन माझ्या बॅगेत आहे, ती निळी बॅग आणा." पुढचं ऐकू आलं नाही.

संध्याकाळी पुन्हा फोन केला तेव्हा एका मुलीनं उचलला. "आईनं डोळे उघडले," एवढंच ती म्हणाली. "नगरला नेतोय."

दोन दिवसांनी सुकन्या दवाखान्यात गेली. ताई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. गहिनीनाथ तिला बघून उठले, चप्पल घालून बाहेर निघून गेले. तिनं आणलेल्या मोसंब्यांची पिशवी कुठं ठेवावी ते तिला कळेना.

"फोन इस्पीकरवर हुता," ताई म्हणाल्या. भिंतीकडं बघत म्हणाल्या. "यजमानांना कमी ऐकू येतं, ते इस्पीकरवरच बोलत्यात. पाव्हणे समदे पडवीत बसले हुते."

सुकन्यानं पिशवी कॉटच्या पायाशी टेकवली.

"काल पाव्हण्यांचा निरोप आला, सोयरीक मोडली. म्हनले, आईचा एवढा मोठा आजार लपवला, पोरीलाबी असंल. त्यांना कोन सांगनार, हा आजार रक्तातनं जात न्हाई म्हनून? अन् सांगायचं तर मग कशानं झाला तेबी सांगावं लागंल."

"ताई, तुमी गेला असता."

"मग जाऊ द्यायचं हुतं." त्यांचा आवाज शांत होता. "पोर आपल्या घरी गेली असती. तुला शप्पथ घातली हुती मी."

"ताई—"

"जा तू. ती मोसंबी घिऊन जा."

त्याच आठवड्यात ताई गटातून बाहेर पडल्या. काही कळवलं नाही, पडद्यावर नुसती एक ओळ उमटली. गटात कुणीतरी कारण विचारलं. सुकन्यानं झालं ते थोडक्यात लिहिलं. ते लिहायला नको होतं, असं तिला पुढं वाटलं. श्रीगोंद्याच्या एका बाईनं लिहिलं, "उद्या आमच्याही घरी असा फोन कराल." तीही बाहेर पडली. तिच्यामागं आणखी काही जण. उरलेले सकाळी फुलांची चित्रं टाकायचे. पारनेरच्या बाईचं ताप आल्यावर काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सुकन्यानं फोन केला, तो लागला नाही.

गोळ्या मात्र चालू होत्या. सकाळी एक, दुपारी अर्धी. त्या घेताना बनुबाई बघायच्या, गोरक्ष बघायचा नाही.

दिवाळीनंतरच्या एका बाजारच्या दिवशी बनुबाई मेथीच्या जुड्या आणायला गेल्या होत्या. तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पाठीला सॅक, केस वर बांधलेले, हनुवटी थेट ताईंची.

"सुकन्यामावशी ना? मी संस्कृती."

सुकन्यानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. वेळ जेवणाची होती, ताट वाढलं. मुलगी भाकरीला हात लावेना. राहुरीच्या विद्यापीठात शिकतेय, असं तिनं सांगितलं. आई बरी आहे. शिवणयंत्र पुन्हा सुरू केलंय. घरात आई-बाबा एकमेकांशी कामापुरतंच बोलतात.

"मी आलेय हे आईला माहीत नाही," ती म्हणाली. "तुमचं नाव काढलेलं तिला चालत नाही."

"अगं, तुझं लगीन माझ्यामुळं—"

"ते जाऊ द्या. त्याचं मला काही नाही." तिनं ताट थोडं पुढं सरकवलं. "मला एकच विचारायचंय. हा आजार आईला कशानं झाला? ती सांगत नाही. विचारलं की उठून जाते. आत्या म्हणाली, माझ्या जन्माच्या वेळी तिचं लई रक्त गेलं होतं. वाचत नव्हती म्हणे. मग मी मोबाईलवर वाचलं. त्यात लिहिलंय, बाळंतपणात रक्त गेलं की—"

ताटाच्या कडेवर ठेवलेलं बोट ती मागं-पुढं फिरवत राहिली.

"माझ्या वेळेलाच झालं ना मावशी हे?"

सुकन्या तिच्या समोर खाली बसली. बाहेरून बाजाराला निघालेल्या टेम्पोचा आवाज आला आणि गेला.

"मोबाईलवर काय बी लिहिलेलं असतं," ती म्हणाली. "ह्यो आजार कोनाला बी हुतो. माझंच बघ की. तुझी आई घेती त्याच गोळ्या मी घेते. अन् मला तर पोरच झालं न्हाई. येकदा बी दिवस गेलं न्हाईत. मग मला कोनाच्या बाळंतपनात झाला?"

संस्कृती तिच्याकडं बघत राहिली. सुकन्यानं नजर हलू दिली नाही.

"खरंच?"

"खरंच. डाक्टरला बी सांगता येत न्हाई, कशानं हुतो ते."

मुलीचा चेहरा आधी तसाच राहिला. मग तिनं ओढणीत तोंड घातलं. रडणं संपल्यावर नाक पुसलं, थोडी लाजली आणि भाकरीचा तुकडा मोडला. भूक लागली होती तिला. सुकन्यानं वांग्याची भाजी आणखी वाढली, वरून शेंगदाण्याची चटणी घातली. ती जेवत असताना दारात सावली हलली. बनुबाई मेथीची पिशवी घेऊन कधीच्या येऊन उभ्या होत्या.

गाडीच्या वेळेला सुकन्या तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली. गाडी आल्यावर संस्कृतीनं वाकून तिच्या पायाला हात लावला.

"आईला काही सांगू का?"

"काही सांगू नको. मी भेटलेच न्हाई तुला."

गाडी वळेपर्यंत मुलगी खिडकीतून हात हलवत होती. तिकडून निघताना तिच्या तोंडावर काय असेल, आणि इथून जाताना काय आहे, याचा हिशोब सुकन्यानं केला नाही. ती चालत परत आली.

बनुबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"कोन हुती गं?"

"राहुरीची. ताईंची पोरगी."

"अन् तिला कशाला सांगत बसलीस, पोर झालं न्हाई म्हनून?" बनुबाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "घरातलं असं कोनालाबी सांगायचं असतंय व्हय?"

"तिनं इचारलं," सुकन्या म्हणाली, आणि संस्कृतीचं ताट उचलून मोरीकडं गेली.