दोन नंबरच्या टाकीतले जीव

विद्यापीठात तिला सगळे 'वजाबाकी मॅडम' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं. स्वयंचलन अभियांत्रिकीचा तिचा पहिला तास दरवर्षी एकाच प्रश्नाने सुरू व्हायचा, "या यंत्रणेतून काय कमी करता येईल?" वीज, पाणी, माणसाची दगदग, काहीही चालेल, पण काहीतरी कमी झालंच पाहिजे. सतरा वर्षं ती हेच करत आली होती. आधी पाणीपुरवठ्याचे पंप, मग धरणाचे दरवाजे आणि गेली सहा वर्षं शहराचं मैलापाणी.

मैलापाणी शुद्ध करायच्या टाक्यांत सतत हवा सोडावी लागते. ती हवा फुंकणारे ब्लोअर अख्ख्या प्रकल्पाची निम्म्याहून जास्त वीज खातात. हवा गरजेपुरतीच सुटावी, आणि तीही आपोआप, असा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. ताई काय करते असं कुणी विचारलं, की तिचा धाकटा भाऊ गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आमची ताई गटाराला वारा घालते." घरात हशा पिकायचा. तीही हसायची, कारण खोटं त्यात काहीच नव्हतं.

संगणकावर तो प्रोग्रॅम झकास चालला. प्रत्यक्ष प्रकल्पावर तो चालवून बघायची परवानगी मिळायला मात्र दोन वर्षं गेली. शेवटी प्रकल्पप्रमुख कसेबसे तयार झाले.

"चार टाक्या आहेत," ते म्हणाले. "दोन नंबरची तुम्हाला दिली. बाकी तिन्हींना हात लावायचा नाही. आणि काही बिघडलं तर मला आधी सांगायचं, शोधनिबंधात नंतर लिहायचं."

प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत एक काकू होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, अंगाने बारीक, चष्मा कायम कपाळावर. रोज सकाळी प्रत्येक टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर घ्यायचा, जुन्या मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि वहीत दोन ओळी लिहायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. मॅडमला त्याचं कौतुक वाटलं. जुन्या घड्याळाला रोज किल्ली देणाऱ्या माणसाचं वाटावं तसं. टाकीत मोजणी यंत्रं बसलेली असताना थेंबात डोकावायचं कशाला, हा प्रश्न तिने मनातच ठेवला.

पहिले आठ दिवस दृष्ट लागावी असे गेले. दोन नंबरच्या टाकीची वीज चौथ्या हिश्श्याने उतरली. बाहेर पडणारं पाणीही नितळ होतं. मॅडमने एका मोठ्या परिषदेसाठी निबंधाचा गोषवारा पाठवून दिला, आणि विभागप्रमुखांनी भर बैठकीत तिचं अभिनंदन केलं.

नवव्या दिवशी ती सकाळचा चहा घेत असताना फोन वाजला.

"मॅडम, मी काकू बोलतेय. तुमच्या टाकीतले जीव घुसमटलेत."

"काय झालंय? पाणी खराब येतंय का?"

"पाणी अजून चांगलं आहे हो. पण हे घुसमटलेत. तुम्ही येऊन बघा."

मॅडमने लॅपटॉप उघडला. टाकीतल्या प्राणवायूचा आकडा हवा तिथेच होता. रेष सरळ, पट्टीने आखल्यासारखी. वैतागूनच ती निघाली. एक तास रद्द करावा लागला होता.

काकूंनी तिला स्टुलावर बसवलं. "आधी एक नंबरचा थेंब बघा. चांगलं काय ते कळल्याशिवाय वाईट कसं कळणार?"

तिने भिंगाला डोळा लावला. आधी नुसतं धुरकट पिवळं दिसलं. मग काकूंनी बाजूची चकती जराशी फिरवली, आणि सगळं एकदम लख्ख झालं.

काचेसारख्या बारीक देठांवर घंटा डोलत होत्या. एकेका गुच्छात दहा-बारा. प्रत्येक घंटेच्या काठाला केसांची नाजूक झालर, आणि ती झालर अशी भरभर फिरत होती की समोरच्या पाण्यात भोवरा उठत होता. भोवऱ्यात कण ओढले जात, आत गडप होत. मधेच एखादी घंटा दचकल्यासारखी मिटायची, तिचा देठ स्प्रिंगसारखा आखडायचा, आणि क्षणभराने पुन्हा सावकाश उलगडायचा. त्यांच्यामधून एक गुबगुबीत, पारदर्शक जीव सरपटत गेला. त्याच्या पोटात काहीतरी चाळल्यासारखं हलताना चक्क दिसत होतं.

"हे... हे रोज असतं इथे?"

"रोज. मैला खाणारे जंतू याहून बारीक, ते नुसते ठिपके. या घंटा त्यातले सुटे फिरणारे जंतू खातात, म्हणून तर वरचं पाणी नितळ होतं. घंटा मजेत असल्या की समजायचं, टाकी मजेत आहे."

"एका मिलिलिटरमध्ये किती असतील?"

"चांगल्या दिवशी दहा हजारांच्या घरात."

टाकी चाळीस लाख लिटरची. मॅडमने सवयीने मनात गुणाकार मांडला. चारावर तेरा शून्यं. ती थांबली. तिच्या सगळ्या समीकरणांत या साऱ्या जीवसृष्टीला एकच अक्षर होतं, आणि सहा वर्षांत त्या अक्षराचं तोंड बघावं असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. आपण एका नांदत्या जगाच्या छपरावर उभं राहून त्याची हवा कमी-जास्त करत होतो, आणि खाली ते निमूटपणे शहराची घाण निस्तरत होतं.

"आता तुमचा थेंब," काकू हळूच म्हणाल्या.

दोन नंबरच्या थेंबात घंटा मिटलेल्या होत्या. कित्येक देठ रिकामेच उभे होते. देठ सोडून निघालेल्या काही घंटा सैरावैरा पोहत होत्या.

"प्राणवायू कमी पडला की या घर सोडतात," काकू म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे बरं आहे ते शोधायला."

मॅडम उठली. हातात धरायचं मोजणी यंत्र तिने एका लांब काठीला बांधलं आणि ती टाकीच्या कठड्यावरून चालू लागली. काकू मागोमाग. बसवलेल्या यंत्राजवळ आकडा बरोबर होता. पुढे तो उतरत गेला. पलीकडच्या कोपऱ्यात जवळजवळ शून्य. हवा कमी केल्यावर तिथलं पाणी ढवळलंच जात नव्हतं. गाळ तळाला बसून कुजायला लागला होता. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते फक्त आपल्या पायाखालचं सांगत होतं.

तिने स्वतःच प्रोग्रॅम बंद केला. ब्लोअरचा आवाज चढला आणि कोपऱ्यातून काळपट बुडबुडे वर आले. मग ती थेट प्रकल्पप्रमुखांकडे गेली.

"चूक माझी आहे. अजून चार दिवस गेले असते तर टाकी बसली असती. काकूंनी वाचवलं."

सबबी ऐकायच्या तयारीने खुर्चीत टेकलेले साहेब पुढे सरकले. "मग आता? गाशा गुंडाळायचा?"

"नाही. पण आता माझ्यापेक्षा काकूंचं आधी ऐकायचं."

परिषदेचा गोषवारा तिने त्याच दुपारी मागे घेतला. विभागप्रमुखांचा चेहरा पडला, पण तिला त्याचं फारसं काही वाटेना. डोळ्यांसमोर घंटा डोलत होत्या. टाकी सावरायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत ती रोज तासभर मायक्रोस्कोपवर बसायची आणि कामाचं निमित्त करून अर्धा तास जास्त बसायची.

नव्या प्रोग्रॅमला चार महिने लागले. मोजणी यंत्र त्या आळशी कोपऱ्यात गेलं. हवा मधूनमधून जोराने सोडून गाळ ढवळायची सोय झाली. आणि काकूंनी रोज मोजून संगणकात भरलेला घंटांचा आकडा उतरला की प्रोग्रॅम आपणहून हवा वाढवू लागला. बचत चौथ्या हिश्श्यावरून सहाव्यावर आली, पण टिकली. पुढच्या वर्षी चारही टाक्या त्यावर गेल्या.

निबंधावर काकूंचं नाव घालायचं ठरलं तेव्हा त्या संकोचल्या. मग म्हणाल्या, "घालताय तर स्पेलिंग तेवढं नीट बघा. पगाराच्या कागदावर जन्मभर चुकलंय."

नवं वर्ष सुरू झालं. मॅडमने पहिला तास वर्गात घेतलाच नाही. बत्तीस मुलांना घेऊन ती प्रकल्पावर आली. मुलं नाकाला रुमाल लावून हळूहळू प्रयोगशाळेत शिरली. काकूंनी थेंब ठेवला. पहिली मुलगी स्टुलावर बसली, भिंगात वाकली, आणि तिचा नाकावरचा रुमाल कधी खाली आला ते तिचं तिलाही कळलं नाही.

"अगं, सरक की! अजून किती वेळ?" मागून कुणीतरी म्हणालं.

"थांब रे," मॅडम म्हणाली. "तिचं बघून होऊ दे."