खड्यांचं शेत

प्रमोदिनीबाईंच्या घरी गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, शालू नाहीत. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, पाटावर मांडायचे आणि माहेरवाशिणीसारखं त्यांना जेवू घालायचं. झाशीत या घराण्याच्या कितीतरी पिढ्या गेल्या, घरातली भाषा निम्मी हिंदी झाली, पण हा रिवाज काही सुटला नाही. सासूबाई होत्या तोवर खडे पहुज नदीवरून यायचे. त्या गेल्या आणि पुढे काही वर्षांनी गौरींनी जागा बदलली. झाशीजवळ बरुआसागरला, घरच्या स्वतःच्या शेतात त्या आपणहून दिसू लागल्या.

निदान प्रमोदिनीबाई तरी तसंच म्हणत. पूर्वी त्या शेतात खडा औषधालाही मिळत नसे. आता जिथे पाहावं तिथे पांढऱ्या गारगोट्या. बटाईनं, म्हणजे वाट्यानं, शेत करणारा जयसिंग म्हणाला होता, "बाईसाब, जा जमीन तो देवी की है." ही जमीन देवीची, हे बाईंनी बड़ा बाज़ारातल्या यच्चयावत ओळखीच्या बायकांना सांगून टाकलं. नवरा आफ्रिकेत, मुलगी कॉलेजात, शेत एकटीच्या गळ्यात. अशा बाईला देवीनं एवढी दाद दिली, तर तिनं ती मिरवू नये तर काय करावं?

नवरा म्हणजे मार्तंडराव, मातीचे जाणकार. नांगरानं आणि खतानं थकलेल्या झांबियातल्या मक्याच्या जमिनी पुन्हा उभ्या करायच्या कामावर ते बरीच वर्षं होते. सगळं रान नांगरू नका, बी पडेल तेवढाच खळगा कुदळीनं करा, मक्याची ताटं जाळू नका, ती जमिनीवर पांघरूण म्हणून राहू द्या, हे ते तिथल्या लोकांना गावोगाव सांगत फिरले. यंदा निवृत्त होऊन परतले ते एकाच ओढीनं. उरलेलं आयुष्य स्वतःच्या तुकड्यावर, स्वतःच्या हातानं शेती करायची. मधल्या वर्षांत सुट्टीवर येत ते झाशीपुरतेच, शेतावर जाणं काही व्हायचं नाही. तिथून फोन करायचे तेव्हा न चुकता विचारायचे, "शेत कसं आहे?" बाई सांगायच्या, "छान आहे." आणि छान नसायला काय झालं होतं?

गौरी आणायच्या दिवशी दोघं बसनं बरुआसागरला गेली. पाऊस नुकताच उघडला होता. शेताच्या तोंडाशी मार्तंडराव थांबले ते थांबलेच.

"मधला बांध कुठे गेला?"

"काढला. तुम्ही गेलात त्याच वर्षी. ट्रॅक्टर वळायला अडचण, आणि उंदरांचं तर तिथे गावच वसलं होतं. जयसिंगला म्हटलं, कर सपाट. आता कसा वरून खालपर्यंत एका दमात नांगर चालतो!"

तीळ वीतभर वाढून पिवळा पडला होता. मार्तंडराव उकिडवे बसले आणि मातीत बोट खुपसलं. पेरभर गेलं आणि खडकाला अडलं. त्यांनी दुसरीकडे खुपसलं. तिथेही तेच.

"बघा, शोधावं लागत नाही," बाई कौतुकानं म्हणाल्या. "वाकायचा अवकाश!"

त्यांनी सात गारगोट्या निवडल्या, ताम्हनात ठेवल्या, वर पदर ओढला. आता घरचा उंबरा येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. गौर मुक्यानं आणायची असते. प्रमोदिनीबाईंना वर्षातून एवढाच एक उपास खरोखर कठीण जायचा.

परतीच्या बसमध्ये मार्तंडराव बोलू लागले. या माणसाचं एकही वाक्य लग्न झाल्यापासून बायकोनं पुरं होऊ दिलं नव्हतं. आज ती मुकी होती म्हणूनच त्यांना धीर आला असावा.

"तिकडे मोंझे गावाजवळ एक म्हातारी होती," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "म्हणायची, माझ्या शेतात दगड उगवतात. दर पावसाळ्यात नवे. मी तिला सांगितलं, आजी, दगड वर येत नाहीत. माती खाली जाते."

बाईंनी मान वळवली.

"तो बांध वडिलांनी घातला होता. उतारावरचं पाणी त्याला अडायचं. बांध गेला, त्यात नांगर उताराच्या दिशेनं, आणि झाडोरा जाळून रान उघडं टाकलेलं. दर पावसात माती निघून गेली, प्रमोदिनी. खालच्या तलावात गेली. राहिले ते खडे." त्यांनी नखात अडकलेली माती कोरून काढली. "एवढी माती पुन्हा व्हायला आपल्यासारख्यांचे जन्म जातील. मी ज्या शेतात यायचं म्हणत होतो ना, ते आता तिथे नाही."

बाईंच्या ओठांशी सगळं आलं होतं. त्या म्हातारीला सांगितलंत, मग मला का नाही? छान आहे म्हटल्यावर छान कसं आहे, हे एकदा तरी विचारायचं होतंत. मी काय मातीची शाळा शिकले होते? आणि त्याच्याही खाली, सगळ्यांत जड, ते दुसरं: बांध मीच काढायला लावला. नवऱ्याला दोष देता आला असता तर बरं वाटलं असतं, पण हा दगड बाईंच्याच ओटीत पडला होता.

"तुला सांगायला मी इथे हवा होतो," मार्तंडराव म्हणाले.

दारात सिंधू उभी होती, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा. कॉलेजात जाणाऱ्या या लेकीला मराठी समजायचं सगळं, बोलायची मात्र हिंदीच. हे एक वाक्य तेवढं आजीनं तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

"गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर ठरलेलं होतं, सोन्याच्या पावलांनी. बाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. सिंधूनं घंटा वाजवली, पुन्हा विचारलं, मग घाबरून म्हणाली, "आई, बोलो ना!"

"अनवाणी," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "अनवाणी आली गं." आणि उंबऱ्यातच त्यांना रडू फुटलं.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. दरसाल खडे बरुआसागरच्या तलावात सोडायचे आणि काठची चिमूटभर माती घरी आणून कोपऱ्याकोपऱ्यांत टाकायची. घरात बरकत राहते म्हणतात. यंदा बाई आधी शेतात गेल्या. "बांध कुठून कुठे होता, दाखवा," म्हणाल्या. मार्तंडरावांनी पावलांनी रेघ दाखवली, उताराला आडवी. बाईंनी सातही खडे त्या रेघेवर मांडले, हात जोडले. शेतात काम करत असलेला जयसिंग ते बघून जरा बिचकला. मग त्यानंही एक दगड उचलून पुढे ठेवला.

मग माती आणायला त्या तलावावर उतरल्या. शेताचा ओघळ जिथे तलावाला मिळतो तिथेच त्या दरवर्षी यायच्या. बाकी काठ काळपट, तेवढा एक पट्टा तांबडा. आपल्या शेतासारखा तांबडा. इतकी वर्षं त्यांनी हीच माती चिमटीतून घरी नेली होती आणि दुसऱ्या दिवशी केरसुणीनं झाडून बाहेर टाकली होती.

त्या खाली बसल्या. दोन्ही हातांनी ओली माती उपसून पदरात भरली, चढ चढून शेतात आल्या आणि त्या सात खड्यांच्या मागे ओतली.

"अगं, एवढ्यानं काय होणार?" मार्तंडराव हळूच म्हणाले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, पदर झटकला आणि पुन्हा खाली उतरू लागल्या.