वाहत्या पाण्यात सोडलेलं मेण

सिंक तुंबलं होतं. करड्या पाण्याचं डबकं, त्यावर तेलाचे डोळे, आणि मधोमध कालच्या चहाचा चोथा गोल गोल फिरतोय.

"शी! शी! शी!" बेडकी म्हणाली. तीनदा, कारण एका 'शी'त मावणारं ते प्रकरण नव्हतं.

बेडकी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. चार वर्षांची असताना ती तलावात पडली आणि बुडायचं सोडून पाय मारत काठाला लागली, तेव्हापासून घरात सगळे तिला तेच म्हणत. आता ती पंधरा वर्षांची होती, पोहण्याच्या बटरफ्लाय प्रकारात वर्गातल्या मुलांना हातभर मागे टाकायची, आणि दहा दिवसांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या निवासी जलतरण शाळेने तिची निवड केली होती. फॉर्म भरून तयार होता. राहिली होती फक्त पालकांची सही, आणि तो फॉर्म आज पाचच्या आत पूलवरच्या सरांच्या हातात पडायला हवा होता. नाहीतर जागा पुढच्या मुलीला. बाबा ट्रक घेऊन निघाले की तीन-तीन आठवडे फिरकत नाहीत, म्हणजे सही करायची ती आईने.

आणि आईची सही मेणबत्तीखाली अडकली होती.

हे मेणबत्तीचं खूळ सुरू झालं बेडकीची ताई नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि हळूहळू फोन करायचं विसरायला लागली तेव्हापासून. व्हिडिओतली एक भरपूर काजळवाली बाई सांगायची आणि आई वहीत उतरवून घ्यायची. हिरवी कामासाठी, पांढरी शांततेसाठी, गुलाबी नात्यांसाठी. मेणबत्तीवर टाचणीने नाव कोरायचं, तेल चोळायचं, दालचिनीच्या पुडीत लोळवायची, आणि इच्छेच्या चिठ्ठीची काडीएवढी सुरळी करून वितळल्या मेणात बुडवायची. लोक सकाळी उठून चहा टाकतात, तशी आई उठून मेणबत्ती लावायची. पहिल्यांदा बेडकीला मजा वाटली. मग ओट्यावर बोटं चिकटायला लागली. मग दुधाच्या पातेल्यात मेण वितळवलं जाऊ लागलं, आणि चहावर एक पातळ कातडी धरायला लागली, जी साय नव्हती. ती ओठाला लागली की बेडकी कप तसाच सरकवून द्यायची.

आणि कहर म्हणजे आई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढायचं काम करायची. शाई, रक्त, ग्रीस, लिपस्टिक, काहीही आणा. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी मात्र हे असं!

फॉर्मसाठी तिने खास सात गाठींची हिरवी मेणबत्ती आणली होती. बशीत मेणबत्ती, बशीखाली फॉर्म. रोज एक गाठ जाळायची.

"सातवी गाठ जळली की सही करते. तुझ्याच भल्याचं चाललंय ना, बेडके?"

आज सातवा दिवस. आणि आजच सिंकने मान टाकली.

प्लंबरकाका तीन वाजता आले. गुडघे टेकून त्यांनी सिंकखाली डोकं घातलं, बादली सरकवली आणि पाइपाचं वळण पिळून सोडवलं. आतून पाणी नाही आलं. ढेकर आल्यासारखा आवाज तेवढा आला.

"वहिनी, ओतता तरी काय ह्यात?"

"उरलेलं वाहत्या पाण्यात सोडायचं असतं हो," आई म्हणाली. "इथे जवळ नदी कुठाय? म्हणून मी नळ सोडते आणि..."

"मेण? वितळवून?"

"हो मग! म्हणजे मोकळं वाहून जातं."

"जातं ना, ह्या वळणापर्यंत. मग गार होतं आणि ठाण मांडून बसतं." काकांनी तार घातली, दोनदा ढोसली, आणि फच्चकन काहीतरी वर्तमानपत्रावर पडलं.

वीतभर लांब, मनगटाएवढं जाड, हिरवट करडं. एका टोकाला केस शेपटासारखे लोंबत होते. अंगात नखांचे अर्धचंद्र रुतलेले. आणि वास! दालचिनी आणि आठवडाभर डब्यात विसरलेलं जेवण एकत्र. बेडकीने टीशर्टची गळपट्टी नाकावर ओढली. काका मात्र खूश. त्यांनी चाकूने ते उभं कापलं.

"अरे, चिठ्ठ्यासुद्धा! मेणात कशा टिकल्यात बघा, पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं. 'खालच्यांचा कुत्रा गप्प बसो.' काय वहिनी, बसला का?"

"नाही," बेडकी नाकातून म्हणाली. "आता दोन आहेत."

काका खो खो हसले. आई हसली नाही. "द्या ते इकडे, फेकून देते," म्हणत ती इतक्या घाईने पुढे आली की बेडकीची नजर आपोआप त्या चिठ्ठ्यांकडे गेली. त्यातल्या तीन सुरळ्यांना केस गुंडाळले होते. लांब, काळे, आणि टोकाला तांबूस. क्लोरीनने खाल्लेले. अशी टोकं ह्या घरात एकाच डोक्याला होती.

किळस गिळून तिने पहिली सुरळी उलगडली.

'बेडकीची निवड न होवो.'

दुसरी. 'बेडकीला तिथलं पाणी न मानवो.'

तिसरी. 'सही करायची वेळ माझ्यावर न येवो.'

तिन्हींवर आईचं अक्षर, ते गोल गोल, डब्याच्या झाकणांवर 'साखर' आणि 'मीठ' लिहिणारं.

निवड चाचणीच्या आधी बेडकीचा कान दुखला होता. मेणबत्तीने कान दुखत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं, ती काही बावळट नव्हती. पण तेव्हा कानात औषध घालणारी बोटं आईचीच होती. आणि गेले दोन महिने आई रोज सकाळी तिला वेणी घालून द्यायची. ह्या वयात! बेडकी मैत्रिणींना मिरवून सांगायची, माझी आई अजून माझी वेणी घालते. वेणी झाली की आई कंगव्यातले केस अलगद काढून बोटाला गुंडाळायची. बेडकीला वाटायचं, किती टापटिपीची आहे.

तिच्या टाळूवरून काहीतरी ओलं सरपटत गेल्यासारखं झालं.

"हे माझे केस आहेत."

"बेडके, ऐक..."

"आणि नखं? ही पायाची आहेत, आई. पायाची! कचऱ्यातून वेचलीस?"

"मी जरा वायसर बघतो," प्लंबरकाका पुटपुटले आणि गरज नसताना खांद्यापर्यंत सिंकखाली शिरले.

"मनातलं लिहिलं होतं गं नुसतं," आई म्हणाली. "मेणबत्तीने खरंच काही होतं का?"

"होत नसेल तर रोज कशाला लावतेस?"

आईने ओटा पुसायला घेतला. कोरडाच. "ताई गेली. तू गेलीस की मी सकाळी कुणासाठी उठू?"

एरवी हे ऐकून बेडकी तिच्या गळ्यात पडली असती. पण तो वास मध्ये होता.

"मग तोंडाने सांगायचंस. जाऊ नको म्हणायचंस. मी भांडले असते, दार आपटलं असतं, रडले असते. पण ते स्वच्छ भांडण झालं असतं! तू माझी वेणी घालत होतीस, आई."

आईचा हात थांबला. तिने फडकं खाली ठेवलं.

बेडकीने बशी उचलली. फॉर्म बशीला चिकटून वर आला, फर्रकन सुटला. खालच्या भागाने हिरवं मेण पिऊन टाकलं होतं, त्यातून पलीकडचं बोट दिसत होतं. नेमकी सहीची रेघ त्यात बुडालेली. आईने पेन घेतलं आणि टेकवलं. पेन नुसतं घसरलं. पुन्हा टेकवलं. कागदावर ओरखडा उठला, शाई नाही.

सव्वाचार.

"काढ," बेडकी म्हणाली. "डाग काढायचंच काम करतेस ना? हा काढ."

आईने मान वर केली. मग तिने पाटावर टिपकागद अंथरला, वर फॉर्म, वर पुन्हा टिपकागद. बोथट सुरीने आधी वरचं मेण खरवडलं. इस्त्री कोमट केली, तळहाताजवळ धरून अंदाज घेतला आणि हलकेच टेकवली. टिपकागदावर हिरवा घाम फुटला. कागद बदलला. पुन्हा फुटला. सगळ्या खोलीत दालचिनी आणि चरबट वाफ भरली, बेडकीने गळपट्टी पुन्हा नाकावर ओढली, पण ती तिथून हलली नाही. आईचे हात किती हुशार आहेत, हे तिला दिसत होतं, आणि तेच जास्त खुपत होतं.

चौथ्या कागदावर काही उमटलं नाही. आईने सही केली. पुसट आली, पण आली.

"थांब, केस तरी बांधून देते. सुटलेत सगळे."

"नको."

बेडकीने केस स्वतःच मुठीत धरून रबरात कोंबले. मग फळीवरचा कंगवा घेतला, त्यात अडकलेले चार केस काढून खिशात टाकले, कंगवा दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात ठेवला आणि चेन ओढली.

"सिंक मोकळं झालं हो," खालून काकांचा आवाज आला.

ती पूलपर्यंत पळत गेली. पाचला सात मिनिटं होती. सरांनी फॉर्म उजेडात धरला, नाक जवळ नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? तेल सांडलं का?"

"मेण, सर," बेडकी धापा टाकत म्हणाली. "निघालं तेवढं काढलंय."

सरांनी शिक्का मारला. तो नीट उमटेना. त्यांनी पुन्हा शाईत बुडवला आणि ह्या वेळी दोन्ही हातांनी दाबून मारला.