खोडलेली रेघ

शनिवारपासून रुग्णवाहिकांच्या वायरलेसवर नुसती खरखर होती. सोमवारी एका बेकरीवाल्याच्या छातीत कळ आली. निरोप गाडीपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात माणूस गेला.

खरखरीचं मूळ शोधणं हे वायरलेस खात्याच्या निरीक्षकाचं काम. दिशा दाखवणारा अँटेना घेऊन तीन ठिकाणी उभं राहायचं, आवाज जिकडून जोरात येईल तिकडे नकाशावर रेघ मारायची. रेघा मिळतात तिथे चोर. रविवारी दोन रेघा कारखान्यांच्या बाजूला मिळाल्या. तिसरी थेट त्याच्या ताईच्या इमारतीवर गेली. तिच्याकडे कसला चोर, असं म्हणून तो हसला. पाण्याच्या टाकीवर आपटून आलेला आवाज असेल, असं ठरवून त्याने ती रेघ खोडली आणि कारखान्यांचे जिने झिजवत बसला.

बुधवारी जागा बदलून त्याने पुन्हा मोजलं. रेघ पुन्हा तिथेच गेली. आपटून येत होता तो कारखान्यांकडचा आवाज, तिथल्या पत्र्यांवरून.

ताईने दार उघडलं. "दोन महिन्यांनी उगवलास. चहा देऊ की आधी रागवून घेऊ?"

आत भावोजी गेल्यापासून रिकाम्या असलेल्या पलंगासमोर टीव्ही चालू होता. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना सामने नीट दिसावेत म्हणून निरीक्षकाने स्वतः सिग्नल वाढवणारा बूस्टर बनवून गच्चीवरच्या अँटेनाला जोडला होता. तारा सोल्डर करताना बोट भाजलं होतं, ते ताईनेच पाण्यात धरलं होतं. त्याने गच्चीवर जाऊन डबा उघडला. झाकणातून पाणी शिरून आतला भाग गंजला होता. बिघडलेला बूस्टर स्वतःच लहरी फेकत होता. त्याने वायर उपटली. कंट्रोल रूममधून फोन आला, खरखर थांबली.

खाली टीव्हीवर मुंग्या आल्या होत्या. टीव्ही बरा होईल ना, असं ताईने विचारलं. तो कोणी बघत नाही, पण घरात कोणीतरी बोलत असतं, एवढंच, असं ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तिच्याच टेबलावर अहवाल लिहायला घेतला. उपकरण कोणी बनवलं, या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं. शोधाला विलंब का झाला, तिथे 'रविवार' एवढं लिहून त्याचा हात थांबला.

ताईने कप समोर ठेवला. "रविवारी घरीच होते मी. तेव्हाच आला असतास, तर जेवून तरी गेला असतास."