सात नंबरचा तुकडा

लेकीचा ताप उतरला होता, तरी दर दहा मिनिटांनी मी तिच्या पोटावर हात ठेवून श्वास बघत होते. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर संघदीपचा शोधनिबंध उघडा होता. नावं दोन, त्याचं आणि आमच्या मार्गदर्शक सरांचं. माझं शेवटी, आभारात: 'उपयुक्त चर्चेबद्दल'.

चर्चा कसली, दोन वर्षांची मोजणी होती माझी.

क्वांटम डॉट म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कण. लेझरचा झटका बसला की उजळतो, क्षणात विझतो. त्याच्याजवळ बिस्मथ सेलेनाइडचा पातळ तुकडा ठेवायचा. हा पदार्थ आतून वीज अडवतो, पृष्ठभागावरून मात्र वाहू देतो. टोपोलॉजिकल म्हणतात त्याला. तो शेजारी असला की कणाचा प्रकाश लवकर विझतो. किती लवकर, ते मी नागपूरच्या प्रयोगशाळेत मोजलं, शेवटी शेवटी वाढत्या पोटानिशी. एकूण नऊ तुकडे.

संघदीप नेर गावचा, माझ्या मागून लॅबमध्ये आलेला. बारशाला मारेगावला, माझ्या माहेरी आला. झबलं आणलं, आईच्या हातची पाटवडीची भाजी दोनदा मागून घेतली. मग म्हणाला, ताई, तुम्ही आराम करा, आकडे मी नीट लावून ठेवतो. पाळण्याखालची माझी मोजणीची वही आईनंच काढून दिली. पोरगा गुणाचा आहे, म्हणाली.

निबंधातला आलेख मी मोठा करून पाहिला. सात नंबरचा बिंदू सगळ्यांच्या खाली, एकटाच; म्हणजे प्रकाश सर्वांत लवकर विझलेला. त्याच्याच जोरावर लिहिलं होतं, की हा पृष्ठभागाचा नवाच परिणाम आहे.

सात नंबर खराब होता. डोहाळजेवणाला दोन दिवसांसाठी म्हणून घरी आले, आईनं आठ दिवस सोडलं नाही. तुकडा टेबलावर उघडाच राहिला. हवेनं त्याचा पृष्ठभाग बिघडतो. परतल्यावर तोच मोजला आणि लाजेपायी वहीत नुसती मोजल्याची तारीख लिहिली. बाळंतपणानंतर पुन्हा मोजू म्हटलं होतं.

संघदीपला फोन लावला. त्यानं आधी लेकीची चौकशी केली. मी नावाचं विचारलं.

"ताई, दहा महिने झाले, तुम्ही लॅबमंदी नाही. सर म्हणे, त्या आता कायच्या येतात वापस. मी काय बोलू?"

"मी येणार आहे, हे तुले मालूम होतं."

पुढच्या पेपरात टाकतो, म्हणाला.

"वहीत सात नंबरच्या आधी आठ दिवस कोरे हायेत. तवा तो तुकडा कुठं होता, हे मले काहून नाही विचारलं?"

मी सगळं सांगितलं. मग त्याचा आवाज खाली आला.

"कोणाले सांगू नका, ताई. चूक तर तुमचीच हाये. नाव तुमचंच खराब होईन."

कामावर माझं नाव नव्हतं. चुकीवर लगेच आलं.

गप्प राहिले तर चूक त्याची, मी स्वच्छ. पण मग ती दोन वर्षंही त्याचीच. वही त्याच्याकडे. माझ्याकडे डोहाळजेवणाचा फोटो तेवढा होता: हिरवी साडी, फुलांचे दागिने, कोपऱ्यात तारीख, सात नंबर उघडा पडला होता त्याच आठ दिवसांतली.

सरांना आणि नियतकालिकाला एकच पत्र लिहिलं. नऊही मोजण्या माझ्या आहेत. सातवी चुकीची आहे, तीही माझी. खाली तो फोटो जोडला.

लेक चुळबुळली. तिच्या पोटावर हात ठेवून मी दुसऱ्या हातानं पत्र पाठवलं.