मऊ सळ्यांचा नांगर

मी एक जुना नांगर आहे. थांबा मित्रांनो, लगेच बैल शोधायला निघू नका! मी शेतातला नव्हे, होडीचा नांगर. होडी एका जागी थांबावी म्हणून जो पाण्यात टाकतात, तो. सध्या मात्र मी एका घराच्या मागच्या अंगणात, नळाजवळ, भिंतीला टेकून पडलो आहे. माझ्यावर बादलीतलं पाणी उडतं. कुणीतरी ओलं फडकं माझ्यावरच वाळत टाकतं. एक मांजर रोज येऊन माझ्या कडीला मान घासून जातं. समुद्राचा तळ पाहिलेल्याची ही अवस्था! असो. रडगाणं पुढे आहेच.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. होडीवाल्याने मला याच अंगणात स्वतःच्या हातांनी बनवलं. पाइपचा एक जाड तुकडा, त्यातून घातलेल्या चार लोखंडी सळ्या आणि वर दोरी बांधायला कडी, एवढाच माझा संसार. खाली सळ्यांची टोकं चारी बाजूंना वाकवलेली. ती माझी बोटं. सळ्या त्याने अगदी मऊ लोखंडाच्या शोधून आणल्या होत्या. दुकानदार म्हणाला होता, "अहो, या तर हातानं वाकतात!" त्यावर हा म्हणाला, "म्हणूनच द्या."

आता तुम्ही विचाराल, हा काय वेडेपणा? नांगर कसा दणकट हवा. सांगतो. आमची होडी लहान, आणि आमचं काम किनाऱ्यापासून थोडं आत असलेल्या खडकांवर. पाण्याखाली तिथे नुसत्या कपारी आणि भोकं. मासे तिथेच लपून बसतात, म्हणून गळ टाकणारी हौशी मंडळी होडी भाड्याने घेऊन तिथेच जातात. अशा जागी दणकट नांगर टाकला की तो कपारीत अडकतो, आणि मग काही केल्या सुटत नाही. माझं तसं नव्हतं. माझी बोटं होडी धरून ठेवण्यापुरती घट्ट होती. जागा बदलायच्या किंवा परतायच्या वेळी होडीवाला इंजिनाचा जोर लावून दोरी ओढायचा, माझी बोटं सरळ व्हायची आणि मी अलगद निसटून वर यायचो. मग तो मला पायाखाली दाबायचा आणि दोन्ही हातांनी एकेक बोट परत वाकवायचा. एका दिवसात कितीदा तरी.

जाड भिंगाचा चष्मा लावणारा एक पाहुणा दर हंगामात यायचा. पहिल्यांदा मला तसा सरळसोट वर आलेला पाहून तो खो खो हसला. "काका, हा नांगर आहे की वाऱ्यात उलटलेली छत्री?"

होडीवाला कधी नव्हे तो हसला. "हसा. तो सोडतो म्हणून तर आपण घरी जातो."

मित्रांनो, माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. आणि दुर्दैव असं की हे वाक्य तो समुद्रावर बोलला, घरी कधीच बोलला नाही. माणूस लाखात एक, पण घरात शिरला की तोंडाला कुलूप. लाटा कशा होत्या, मासे लागले का, काही म्हणजे काही सांगायचा नाही. आमिषासाठी माकूळ मासे कापून डबे भरून देणारी त्याची बायको बिचारी विचारून विचारून थकली. "अहो, भिंतीशी बोलावं तसं वाटतं मला," ती म्हणायची. तो म्हणायचा, "मग भिंतीला चहा दे."

वर्षं गेली. त्याच्या हातांचे सांधे सुजू लागले. सकाळी तर बोटं मिटायची नाहीत. शर्टाची बटणं लावताना तो दाराकडे पाठ करून उभा राहायचा, आणि तिने हात पुढे केला की चिडायचा. "लावतो मी. लहान आहे का?" ती हात मागे घ्यायची. पण संध्याकाळी तो मला या अंगणात पायाखाली दाबून वाकवायला बसला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. त्याचा चेहरा कळवळलेला असायचा. तिला एवढंच दिसत होतं की हा मेला नांगर रोज आकार बिघडवून येतो आणि नवऱ्याच्या हातांचा जीव घेतो.

एकदा तो तापाने झोपला होता. तिने मला पोत्यात गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेलं. हा वेल्डर फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा. त्याचा आणि समुद्राचा संबंध मीठ खाण्यापुरता!

"दादा, हा परत कधी वाकता कामा नये," ती म्हणाली.

"ताई, असा करून देतो की हत्तीनं ओढला तरी हलणार नाही."

त्याने माझ्या प्रत्येक बोटाच्या बगलेत जाड पट्टी जोडली. ठिणग्या उडाल्या, मला चटके बसले, आणि मी पक्का झालो. घरी येताना ती मला कडेवर घेतल्यासारखं धरून चालत होती. एवढ्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

होडीवाल्याने मला पाहिलं. त्या पट्ट्यांवरून हात फिरवला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला, ते मला दिसलं. तिला दिसलं नाही, कारण ती म्हणत होती, "आता हातांना आराम. कशी आहे माझी अक्कल?"

तो म्हणाला, "छान झालाय."

बस. एवढंच! अरे बाबा, सांगून टाकायचं होतंस ना! मला तोंड असतं तर मीच ओरडलो असतो.

पुढचे काही दिवस त्याने युक्ती केली. खडक टाळून तो मला वाळूत टाकायचा. वाळूत अडकायची भीती नाही. पण वाळूत मासेही नाहीत. पाहुणे कुरकुरायला लागले, दुसऱ्या होड्यांकडे वळायला लागले. त्यातच तो चष्मेवाला आला. सकाळभर त्याच्या गळाला काही लागलं नाही. "काका, चला ना आपल्या नेहमीच्या जागी," तो म्हणाला. होडीवाल्याने आकाश बघितलं, पाणी बघितलं, माझ्याकडे बघितलं. समुद्र शांत होता. तो म्हणाला, "चला."

मी खडकावर पडलो आणि एका कपारीत रुतलो. मासे भराभर लागले. चष्मेवाला खुशीत होता. पण दुपारी वारा फिरला आणि लाटा वाढल्या. होडीवाल्याने इंजिन चालू करून दोरी ओढली. मी हललो नाही. त्याने पुन्हा जोर लावला. माझी बोटं सरळ होईनात. प्रत्येक लाटेला होडी वर उचलली जायची, दोरी ताणली जायची, आणि होडीचं पुढचं टोक पाण्यात दाबलं जाऊन आत पाणी यायचं.

"काका, दोरी कापा!" चष्मेवाला ओरडला.

होडीवाल्याने सुरी काढली. दोरीवर ठेवलीसुद्धा. मग ती बाजूला ठेवली आणि शर्ट काढू लागला.

"अहो, करताय काय? नवा घ्या ना नांगर!"

"बायकोनं हौसेनं करून घेतलाय. घरी काय सांगू?"

आणि त्याने उडी मारली.

पाणी फार खोल नव्हतं. दोरी धरून तो माझ्यापर्यंत आला. मी कुठे अडकलोय ते चाचपत त्याने उजवा हात कपारीत घातला आणि मला मागे ढकललं. मी सुटायच्या बेतात होतो. तेवढ्यात वर लाट आली, होडी उचलली गेली, दोरीला हिसका बसला. त्याची बोटं खडक आणि माझी ती नवी पट्टी यांच्यात सापडली. पाणी लाल झालं. लाट उतरली, दोरी सैल पडली, तेव्हा कुठे त्याचा हात निघाला. मीही निघालो. काय उपयोग?

दवाखान्यात त्याची दोन बोटं काढावी लागली. उरलेली कायमची ताठ झाली. होडी विकली. नव्या मालकाकडे स्वतःचा नांगर होता, म्हणून मी इथे आलो, नळाजवळ.

घरी त्याने सांगितलं, "हात खडकात गेला." तिने विश्वास ठेवला. खोटं नव्हतंच ते, पण अर्धंच होतं. ती त्याला भरवायची, अंघोळीचं पाणी काढून द्यायची, आणि वर म्हणायची, "तरी बरं, नांगर पक्का होता." तो खिडकीबाहेर बघायचा.

मग एक दिवस तो चष्मेवाला भेटायला आला. निघताना मागच्या दारात उभा राहून म्हणाला, "काकू, मी सारखा सांगत होतो दोरी कापा म्हणून. पूर्वीचा नांगर असता तर आपोआप सुटला असता. पण काका म्हणाले, बायकोनं हौसेनं करून घेतलाय." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो निघून गेला. ती नळाशी तशीच उभी राहिली. बादली भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा वेल्डरकडे नेलं. "पट्ट्या काप," म्हणाली.

"ताई, होडी तर विकली ना? आता कशाला?"

"तू काप."

संध्याकाळी तिने मला त्याच्यासमोर आणून ठेवलं. त्याने माझ्या मोकळ्या सळ्या पाहिल्या आणि तिला सगळं समजलंय हे त्याला कळलं.

"तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?" ती म्हणाली. "वेडे, हे काय करून आणलंस, एवढं म्हणता येत नव्हतं?"

"तू किती खुशीत होतीस."

"माझी खुशी काय जाळायचीय मला?" ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

तो उठला नाही, तिला गप्प हो म्हणाला नाही. फक्त हळूच म्हणाला, "पायाखाली दाब. खालून धर. आता अंगाचा भार टाक." तिने डोळे पुसले आणि माझं एक बोट वाकवलं. मग दुसरं. आणि तो बोलत राहिला. कुठली कपार कशी आहे, वारा फिरला की पाणी कसं काळं दिसतं, चष्मेवाला छत्री म्हणून कसा हसला होता. इतक्या वर्षांचं सगळं. ती ऐकत होती. होडी मात्र आता नव्हती.

मित्रांनो, मला तेल लावा, माझा गंज काढा, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. गंजू द्या मला. पण कुणाची काळजी वाटली तर काही करण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि तुमच्यासाठी कुणी मायेने चुकीचं काही करून आणलं, तर "छान झालंय" म्हणून गिळून बसू नका. होडीवाल्याचं त्या दिवशीचं तेच वाक्य मला आजही इथे पडल्या पडल्या ऐकू येतं.

माझी चारही बोटं आता पुन्हा वाकतात. सकाळी मागचं दार उघडं असतं. ती त्याच्या शर्टाची बटणं लावत असते आणि तो मुकाट्याने लावून घेतो.